न फाडलेलं जॅकेट

बाबा, तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत मी तुम्हाला कधी दोन ओळी लिहिल्या नाहीत, आणि आज रविवारी दुपारी भांडी तशीच टाकून लिहायला बसले, तेही एका जॅकेटापायी. टोपीचं जॅकेट, ज्याला आताची पोरं हुडी म्हणतात. ते मी आमच्या कामावरच्या एका बाईला दिलं, ते तिच्या पिशवीत गेटवर सापडलं, आणि चोरी म्हणून तिचं काम बंद झालं. मी दिलं होतं हे मी अजून कोणापाशी बोलले नाही. उद्या मला साहेबांना लेखी द्यायचं आहे की मी काय पाहिलं. त्या कागदावर तिचं काम अडकलं आहे, आणि खरं लिहिलं तर माझंही. सकाळपासून तो कागद कोराच आहे. तुम्ही म्हणाल, लिहाचं थे लिही ना मंग, मले काऊन मधात घेते? घेते. कारण यात तुमचाही हात आहे, बाबा. आणि थोडाथोडका नाही.

आधी माझं काम काय ते सांगते, नाहीतर तुम्हाला काहीच कळायचं नाही. गडचांदूरहून बाहेर पडलं की सिमेंटच्या गाड्यांचा रस्ता लागतो, त्यावर एका कंत्राटदाराचं टिनाचं मोठं शेड आहे. सिमेंटच्या भट्टीला कोळसा लागतो, आणि आता कोळशासोबत कचराही चालतो. प्लास्टिक, रबर, चिंध्या. चिंध्या म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर मशीनखालचं कातरण आलं असेल. तसं नाही. आमच्याकडं ट्रकातून दाबून बांधलेले गठ्ठे येतात ते नव्याकोऱ्या कपड्यांचे. कोणी मोबाइलवर मागवले आणि वापस केले, कशाची फॅशन दोन महिन्यांत गेली, कुठं छातीवरचं इंग्रजी अक्षर बोटभर वाकडं छापलं गेलं. ढगळ टीशर्ट, ज्यात तुम्ही, मी आणि शेजारची म्हातारी तिघं मावू. गुडघ्यावर मुद्दाम फाडलेल्या जीन्स, ज्या आम्ही नियमाप्रमाणे पुन्हा फाडतो. आता बोला! चौदा बाया खाली बसून आधी चेन, बटणं, कड्या काढतात, कारण लोखंडानं पट्ट्या पाडायच्या मशीनची पाती मोडतात. मग प्रत्येक कपड्याच्या पाठीवर आडवी चीर मारायची, मगच तो मशीनकडं. ही कपड्यांच्या कंपन्यांची अट. चांगला कपडा बाहेर जाऊन आठवडी बाजारात ढिगानं विकला गेला तर त्यांच्या नावाची अब्रू जाते म्हणे. फाडल्याचे फोटो त्यांना पाठवावे लागतात. चीर मारलेली चिंधी मात्र एखाद्या बाईनं फरशी पुसायला नेली तर गेटवर कोणी अडवत नाही, ही आमच्या शेडची रीत. एवढं लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

मशीन सुरू झालं की बारीक तंतू उडतात. पापण्यांवर बसतात, डब्यातल्या भाजीत बसतात, बाजूच्या शेतातल्या तुरीवर नि पऱ्हाटीवर बसतात. त्या शेताचा मालक दोनदा येऊन भांडून गेला, 'माही पऱ्हाटी बोंडं धरायच्या आधीच तुमचा कापूस फुटते जी.' बाया तोंडाला फडकं बांधतात, ते फडकंही त्याच ढिगातलं. आणि गेटवर हिरव्या रंगाची पाटी आहे, तिच्यावर एक झाड नि दोन पानं काढली आहेत. कोळसा वाचतो म्हणून हे पर्यावरणाचं काम झालं. एखादे वेळी मलाही ते पटतं, कारण रोज त्याच पाटीखालून जायचं असलं की काहीतरी पटवून घ्यावंच लागतं. या कपड्यांचा कापूस पिकवायला पाणी लागलं, रंगवायला लागलं, शिवायला कोणाची तरी मान मोडली, आणि अंगावर एकदाही न चढता ते माझ्यासमोर येऊन पडले, याचा हिशेब त्या पाटीवर कुठं नाही. मी आता विचारतही नाही. थकले मी, बाबा.

मी इथं सुपरवायझर कशी झाले ते ऐकून तुम्ही हसाल. साहेबांना गठ्ठ्यात सुती किती नि पॉलिस्टर किती हे लवकर कळायला हवं होतं, कारण दोन्ही सारखं जळत नाही. मी तेव्हा खाली बसून चेन काढत होते. मी म्हटलं, काडेपेटी द्या. कडेचा एक धागा ओढला, पेटवला, बोटांत चुरून दाखवला. सुतीची राख झाली, पॉलिस्टरची कडक गोळी. साहेब बघतच राहिले. त्यांना काय माहीत, मी हे आठ वर्षांची असल्यापासून करते आहे. सिंदेवाहीच्या स्टँडजवळचं आपलं टिनाचं दुकान, एक मशीन, एक कापड कापायचं टेबल, एक बाकडं. कोणी बाई कापड घेऊन येते, सुती म्हणून विकलेलं. तुम्ही कडेचा धागा ओढता, काडी लावता आणि माझ्या नाकाशी धरता, 'हुंग. कागदाचा वास येते का प्लास्टिकचा?' मी म्हणते प्लास्टिकचा. मग तुम्ही त्या बाईला सांगता, 'हे सुती नाई जी बाई, वापस करा, तुमाले फसवलं.' तुमच्या या काडीपायी बाजारातला कापडवाला तुमच्याशी वर्षभर बोलत नव्हता. लोक फसू नयेत म्हणून तुम्ही काडी ओढत होता, आणि मी ओढते ती कपडा बरा जळावा म्हणून. तुमची विद्या अशी कामी आली बघा.

आणि फसवलं म्हणायला आता कापडवालाही उरला नाही. तुमच्या डोळ्यांदेखत रेडिमेड आलं. शेवटची चार वर्षं तुम्ही शर्ट शिवलेच नाहीत, दुसऱ्यानं कुठंतरी शिवलेल्या पँटचे पाय तेवढे कापून आखूड करत होता. कापलेले ते निळे तुकडे तुम्ही टाकून देत नव्हता, त्यांच्या पिशव्या शिवून ठेवत होता. कोणी घेत नव्हतं. आई म्हणायची, दुकान हाये का पिशव्यांचं गोदाम? तुम्ही म्हणायचा, 'राहू दे, कामी येन.' काही कामी आलं नाही, दमा वाढला आणि तुम्ही गेलात. तेव्हा मला तुमचा राग यायचा, की हा माणूस काळासोबत चालत का नाही. आता तुमची नात नागपूरला शिकते, ती काळाच्या दोन पावलं पुढं चालते. मागच्या महिन्यात तिनं तीन जॅकेटं मागवली, तिन्ही घालून मोबाइलसमोर नाचली, आणि दोन वापस केली. मी फोनवर म्हटलं, 'माय, वापस केलेलं कुठं जाते ठाऊक हाये का? त्यातलं कितीतरी माझ्यासमोर येऊन पडते.' ती म्हणाली, 'मम्मी, मी निदान घालते तरी. तू तर जाळते.' मी फोन ठेवला. तिची खोली, तिचं कॉलेज सगळं त्याच जाळण्यावर चाललं आहे, हे तिनं म्हटलं नाही एवढीच तिची मेहेरबानी.

आता त्या बाईचं. ती एटापल्लीकडची. नवऱ्यासोबत चुनखडीच्या खाणीवर आली, नवऱ्याची पाठ गेली, तो घरी बसला आणि ती आमच्याकडं लागली. मोठी पोरगी तिकडंच आश्रमशाळेत, सातवीत. हात इतका साफ की बटण काढताना कपड्यावर ओरखडा यायचा नाही. मी एकदा म्हटलं, 'काऊन वो एवढं जपून काढते? जळाचंच हाये ना थे?' तर म्हणाली, 'खराब कराची सवय नाई ना बाई.' गेल्या गुरुवारी एक गठ्ठा फुटला, त्यात ही राखाडी जॅकेटं. आतून मऊ, टोपीला दोरी, आणि छातीवर एक अक्षर उलटं छापलेलं, म्हणून अख्खा माल बाद. तिनं एकाच्या बाहीत हात घातला आणि तसाच ठेवला, थोडा वेळ. मग म्हणाली, 'इकडच्यापेक्षा तिकडं थंडी लय राह्यते, बाई. पोरगी सांगत होती, सकाळी नळाखाली उभं राह्यलं का दात वाजते.' मी विचारलं पोरगी केवढी, तिनं आपल्या खांद्याला हात लावून दाखवलं. मी वितीनं जॅकेटाची पाठ मोजली, तुम्ही मोजायचा तशी. म्हटलं, 'दोन हिवाळे पुरन. घेऊन जा.' ती घाबरून माझ्या तोंडाकडं पाहू लागली. मी पुन्हा म्हटलं, घेऊन जा, मी हाये ना. हे शेवटचे तीन शब्द मी म्हटले, बाबा. चांगले खणखणीत म्हटले.

पातं माझ्या हातात होतं. एक चीर मारली असती तर ते जॅकेट चिंधी झालं असतं आणि बिनबोभाट गेटबाहेर गेलं असतं. नाही मारली. का नाही मारली ते सांगते. आपल्या शेजारची ती विधवा, जिचं घर जळालं होतं, तिला द्यायला आईनं जुनी लुगडी काढली होती. त्यातलं एक फाटकं तुम्ही ओढून काढलंत. आई म्हणाली, 'राहू द्या ना, तिले आता फाटकं काय नि चांगलं काय.' तुम्ही म्हणालात, 'फाटकं देऊ नये कोणाले. शिवून दे, नाई तं देऊच नको.' आणि दुकानात गिऱ्हाईक खोळंबलेलं असताना अर्धा दिवस त्या लुगड्याला रफू करत बसलात. ते माझ्या डोक्यात असं बसलं आहे की पातं उचललं तरी हात चालेना. फाटकं देऊ नये. म्हणून मी ते जॅकेट नीट घडी घालून, जसंच्या तसं, तिच्या डब्याच्या पिशवीत ठेवलं.

पाच वाजता गेटवर रांग. चौकीदार रोज नुसतं पिशवीवर हात फिरवून सोडतो, त्या दिवशी कोण जाणे काय झालं, त्यानं पिशवी उघडायला लावली. जॅकेट बाहेर आलं. त्यानं ते झटकून पाठ पाहिली, चीर नाही. 'कुठून आणलं वो?' तिनं मागं वळून पाहिलं. मी तिच्यामागं चार बायांवर होते. एकदाच पाहिलं तिनं, आणि परत तोंड फिरवून म्हणाली, 'खाली पडलं होतं जी, उचललं.' चौकीदारानं मोबाइलवर फोटो काढला, साहेबाला बोलावलं. मी काय केलं? मी पर्समध्ये काहीतरी शोधत होते. काहीच नव्हतं शोधायचं. हात आत घालून किल्ल्या खुळखुळवत उभी राहिले, आणि ती रांगेतून बाजूला होईपर्यंत मान वर केली नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, इथं तर चोरही कोणी नव्हतं.

घरी येऊन भाकरी थापता थापता माझ्या डोक्यात उजेड पडला, आणि हात तसाच परातीत राहिला. शिवण! बगलेपासून कमरेपर्यंत बाजूची शिवण उसवली असती, तर गेटवर ते फाटकं दिसलं असतं, आणि घरी तिनं दोन रांगा टाके घातले असते की जसंच्या तसं झालं असतं. कपड्याला इजा नाही, नियमाला धक्का नाही. शिंप्याची पोरगी मी, आयुष्यभर हेच केलं, उसवलं नि जोडलं, आणि ऐन वेळी ते सुचलं नाही. दुसऱ्या कोणाही बाईनं सरळ फाडलं असतं नि दिलं असतं आणि आज ती कामावर असती. मला तुमचा नियम आडवा आला. मला तुमचा इतका राग आला बाबा, की तव्यावरची भाकरी करपली. तुमचं ठीक होतं हो, तुमच्या दुकानाला ना गेट होतं, ना चौकीदार, ना कोणाला पाठवायचे फोटो. फाटकं द्यायचं की चांगलं द्यायचं हे ठरवायला तुम्ही मालक होता. तुमच्या वेळचा चांगुलपणा आमच्या वेळी वापरायचा म्हणजे दरवेळी कुठंतरी आखूड पडतो नाहीतर घट्ट होतो.

तुम्ही असता तर काय केलं असतं हे मला कोणी सांगायला नको. माहीत आहे, आणि तोच तर ताप आहे. मी अकरा वर्षांची. ऑक्टोबर, चांद्याला, ज्याला आता सगळे चंद्रपूर म्हणतात, धम्मदीक्षेच्या सोहळ्याला जायचे दिवस, आणि आपल्या अख्ख्या वस्तीचे कपडे तुमच्याकडं. सगळे पांढरे. पांढऱ्याच्या ढिगात कोणतं कापड कोणाचं ते कसं ओळखणार? नावं लिहावी तर डाग पडतो. म्हणून प्रत्येकाच्या कापडाच्या कोपऱ्यात वेगळ्या रंगाच्या धाग्याची गाठ, आणि ते काम माझं. हिरवा धागा संपला. बाजारातून आणायचा कंटाळा केला मी, आणि दोघांना निळीच गाठ मारली, म्हटलं लक्षात राहील. नाही राहिलं. नहरावरच्या म्हाताऱ्या चौकीदाराचं कापड तुम्ही एका पोराच्या मापानं कापलंत. त्या म्हाताऱ्यानं कित्येक वर्षांनी कोरं कापड घेतलं होतं. बसच्या आदल्या दिवशी तो शर्ट न्यायला आला, आणि तो शर्ट त्याच्या कोपराशी येऊन थांबला.

मी टेबलामागं उभी आहे. तुम्हाला माहीत आहे गाठ कोणी मारली. तुम्ही हात जोडता, 'दादा, चूक माही झाली जी.' माझ्याकडं पाहतसुद्धा नाही. मग खुंटीवरचा तुमचा स्वतःचा नवा शर्ट काढता, बाजूंना आत दोन बोटं जास्तीचं कापड नेहमीच ठेवायचा तुम्ही, ते सोडवता, त्याच्या अंगाला बसता करून देता. म्हातारा गेला. मी रडायला लागले. मला वाटलं आता जवळ घ्याल, कारण तुम्ही मला वाचवलं होतं. तुम्ही म्हणालात, 'रडू नको. तुले वाचवाले नाई बोललो मी. दुकान माहं, तं चूकबी माहीच. तुहं दुकान होईन तवा तू बोलजो.' आणि दोन दिवस माझ्याशी बोलला नाहीत. चांद्याला तुम्ही जुना, कॉलर पलटवून शिवलेला शर्ट घालून आलात. त्या एवढ्या शुभ्र गर्दीत तुमचा शर्ट पिवळट दिसत होता, आणि मी तुमच्यापासून चार पावलं मागं चालत होते. लाज माझ्या चुकीची नव्हती वाटत, तुमच्या शर्टाची वाटत होती. हेही कधी सांगितलं नव्हतं.

तर दुकान. शेड माझं नाही, कंत्राटदाराचं आहे, असं मी चार दिवस स्वतःला सांगून पाहिलं. शुक्रवारी सकाळी साहेबांनी ते जॅकेट माझ्यापुढं टाकलं. सगळ्या बाया बसलेल्या. म्हणाले, 'मॅडम, मारा चीर, सगळ्याइले दिसू द्या.' मी पातं घेतलं आणि मारली. आडवी, पाठीच्या मधोमध, या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत. तोवर शिवणीचं मला सुचलेलं होतं, बाबा. तरीही मी शिवणीवर नाही कापलं. साहेब पाहत होते म्हणून नाही कापलं. ते मशीनमध्ये गेलं, पाच मिनिटांत त्याच्या पट्ट्या झाल्या, आणि मी पुढचा गठ्ठा उघडायला सांगितला.

आज सकाळी मी तिच्या घरी गेले होते. खाणीच्या वाटेवर दोन खोल्या आहेत, दारात बसून ती तुरीच्या शेंगा सोलत होती. तिनं पोतं झटकून मला बसायला दिलं. मी काय काय बोलायचं ठरवून गेले होते, आणि तोंडातून निघालं, 'नवऱ्याची पाठ कशी हाये?' ती म्हणाली बरी हाये. मीही शेंगा सोलायला घेतल्या. मग मीच म्हटलं, 'उद्या मी लिहून देते, मीच दिलं म्हणून.' तर ती म्हणते कशी, 'नका जी बाई. तुमचंबी जाईन. तुमची पोरगी शिकून राह्यली ना? माहं काय, मी कापूस येचाले जाईन.' मला वाटलं आता ती रडेल, नाहीतर मला दोन शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिनं फक्त एवढं विचारलं, 'थे जॅकेट भेटन का पण? फाडून दिलं तरी चालते. पोरीले त्या दुपारीच फोनवर सांगून ठेवलं होतं ना, येते म्हणून.' मी म्हटलं, पाहते. पाहते म्हटलं मी! त्याच्या पट्ट्या घेऊन ट्रक भट्टीकडं गेलासुद्धा. निघताना तिनं माझ्या पदरात सोललेले तुरीचे दाणे बांधून दिले. तेच आता चुलीवर शिजताहेत, आणि मी इथं लिहिते आहे. कागद लिहायलाच हवा आता. बास.

आज बुधवार. शेडमध्ये जेवणाची सुट्टी आहे, एका गठ्ठ्यावर बसून लिहिते. सोमवारी मी कागद नेला. एकच ओळ लिहिली होती, ते जॅकेट मी स्वतः तिला दिलं, तिनं चोरलेलं नाही, आणि खाली माझी पूर्ण सही. तिनं नको म्हटलं तरी लिहिली. रस्त्यानं जाताना मला वाटत होतं की मी अकरा वर्षांची आहे आणि आता मोठी होणार आहे. हसू नका. साहेब काही वाईट माणूस नाही. त्यांनी कागद दोनदा वाचला, दार लोटून घेतलं, आणि म्हणाले, 'मॅडम, तिच्या जागेवर शनिवारीच मी दुसरी बाई ठरवली, आजपासून येते. हे मी वर पाठवलं तं ती काही परत येत नाई, तुमचं मात्र जाते. कंपनीवाले म्हणन, इथी तं सुपरवायझरच माल वाटून राह्यली.' मी म्हटलं, 'पण तिच्या नावावर चोरी लागली ना साहेब.' ते म्हणाले, 'नाव कुठी लिहिलं हाये? कंत्राटी बाई, यादीतून निघाली, झालं. चार महिन्यांनी कोणाले आठवते?' मग त्यांनी तो कागद मधोमध फाडला, मग पुन्हा फाडला, तुकडे डब्यात टाकले, आणि बाहेर हाक मारून दोन चहा सांगितले.

टेबलावर कोऱ्या कागदांचा गठ्ठा पडला होता, माझ्या हाताच्या अंतरावर. पेन माझ्याच मुठीत होतं. तीच ओळ पुन्हा लिहायला किती वेळ लागला असता? मी चहा घेतला. साहेब त्यांच्या पोराच्या परीक्षेचं सांगत होते, मी हो हो म्हणत होते, आणि कप रिकामा झाल्यावर तो बशीत नीट ठेवून कामावर आले. त्या नव्या बाईला बटणं काढायला शिकवलं. दोन दिवस झाले, एटापल्लीवालीच्या घराकडच्या रस्त्यानं मी गेले नाही, लांबच्या वळणानं जाते. आता तुम्हाला वाटत असेल, पोरीनं निदान कागद तरी लिहिला, सही तरी केली. मीही सगळ्यांना हेच सांगेन, कोणी विचारलंच तर. ही वही मात्र माझ्या पर्समध्येच राहणार आहे, कोणाच्या हाती लागायची नाही, म्हणून तुम्हाला खरं सांगते. साहेब तो कागद फाडत होते ना, तेव्हा मला बरं वाटलं, बाबा.